गांजाच्या जुन्या केसेसवर काम करायचंय? आधी कागद वाचायला शिका

शिकागोत एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) करत असताना माझं फील्ड प्लेसमेंट मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या एका संस्थेत लागलं. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये 1 जानेवारी 2020 पासून गांजा कायदेशीर झाला आणि जुन्या केसेसच्या नोंदी पुसायची सोय त्याच कायद्यात आहे, एवढं वाचून मी तिथे गेले होते. आता या कामाकडे वळू पाहणारी आपली मुलं-मुली विचारतात, "ताई, सुरुवात कुठून करू?" त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सुरुवात कागदांपासून करा. पहिल्याच महिन्यात पन्नाशीचे एक गृहस्थ आले. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून घालून मऊ पडलेले कागद. तरुणपणी खिशात वीसेक ग्रॅम गांजा सापडला म्हणून शिक्षा झालेली. त्यानंतर भाड्याचं घर मागायला गेले की बॅकग्राउंड चेकमध्ये तीच ओळ वर यायची. नोंद आपोआप पुसली जाईल म्हणून ते वाट बघत राहिले होते. मी उत्साहाने अर्ज भरायला घेतला, तेवढ्यात सुपरवायझर मॅडमनी कागदावर हात ठेवला आणि त्यांना विचारलं, "तुम्ही नागरिक आहात का?" ते ग्रीन कार्डवर होते.

राज्याने नोंद पुसली तरी इमिग्रेशनच्या लेखी ती शिक्षा तशीच राहते. स्वतःच्या वापरासाठी बाळगलेला गांजा 30 ग्रॅमपर्यंत असेल, तर एका वेळच्या गुन्ह्यासाठी देशाबाहेर काढण्यातून सूट आहे. पण किती ग्रॅम होता हे दाखवणारी फाइलच गेली, तर माणूस सिद्ध काय करणार? म्हणून आधी कोर्टाच्या क्लार्ककडून सर्टिफाइड कॉपी, मग इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला, आणि त्यानंतरच अर्ज. त्या दिवशी मी अर्ज पुढे रेटला असता, तर त्यांच्या हातातला एकमेव पुरावा माझ्याच हातून गेला असता. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

'आपोआप' या शब्दावर विसंबू नका. 30 ग्रॅमच्या आतल्या, हिंसेशी संबंध नसलेल्या अटकेच्या नोंदी पोलिसांनी स्वतःहून पुसायच्या. 2013 नंतरच्या आधी, त्याहून जुन्या टप्प्याटप्प्याने 2025 पर्यंत. शिक्षा झाली असेल तर वाट वेगळी: प्रिझनर रिव्ह्यू बोर्डामार्फत (माफीची प्रकरणं तपासणारं राज्याचं मंडळ) राज्यपालांची माफी. 30 ते 500 ग्रॅमवाल्यांनी स्वतः कोर्टात अर्ज करायचा. आदेश निघाला तरी खासगी बॅकग्राउंड चेक कंपन्यांकडे जुनी माहिती पडून असते. म्हणून आदेशाची प्रत आपल्या माणसाच्या हातात असायलाच हवी.

हे सगळं कशासाठी, ते मनात पक्कं ठेवा. काळ्या आणि गोऱ्या लोकांत गांजा ओढण्याचं प्रमाण जवळपास सारखं; पण नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या संस्थेने 2013 साली मांडलेल्या देशभरच्या आकडेवारीत गांजा बाळगल्याबद्दल काळ्या माणसाला अटक होण्याची शक्यता 3.73 पट निघाली.

नवे विद्यार्थी बहुतेक गांजाच्या दुकानांच्या लायसन्सबद्दलच बोलतात. कागदावर योजना चांगली होती: मालकीचा 51 टक्के हिस्सा अटक वा शिक्षा झालेल्यांकडे, त्यांच्या कुटुंबीयांकडे किंवा सर्वाधिक झळ बसलेल्या वस्त्यांतल्या लोकांकडे असेल, तर जादा गुण. पण पहिल्या 75 लायसन्ससाठी नऊशेहून जास्त अर्जदार आले आणि सप्टेंबर 2020 मध्ये पूर्ण गुण मिळवून सोडतीसाठी पात्र ठरले फक्त 21. आरडाओरडा झाला, नवा कायदा आला, 2021 मध्ये नव्याने सोडती निघाल्या. या अर्जदारांची पहिली दुकानं उघडेपर्यंत 2022 सरत आलं होतं. आधीपासून वैद्यकीय गांजा विकणाऱ्यांचा धंदा मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होता. बहुतेक बँका कर्ज देत नाहीत, त्यामुळे पैसेवाला भागीदार शोधावा लागतो आणि 51 टक्के कागदावरच उरायची भीती असते. ज्यांच्या नावाने कायदा झाला त्यांनाच रांगेत मागे ठेवलं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामानाने आर-थ्री निधी मला जास्त आश्वासक वाटतो. गांजावरच्या करातून खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेतला 25 टक्के वाटा होरपळलेल्या वस्त्यांतल्या कामांना जातो. समाजकार्यवाल्यांना शिकण्यासारखं तिथे भरपूर आहे.

आता व्हिसा. एफ-1 (विद्यार्थी) किंवा एच-1बी (नोकरीच्या) व्हिसावर असाल तर गांजाच्या दुकानात, शेतीत किंवा तिथल्या ऑफिसात नोकरी धरू नका, राज्याचं लायसन्स असलं तरी. संघीय कायदा ती परवानगी मानत नाही आणि इमिग्रेशन संघीय कायद्यावर चालतं. पुढे नागरिकत्वाच्या अर्जातही अशी नोकरी आड येऊ शकते, हे 2019 मध्ये लेखी धोरणातच आलंय. लोकांच्या नोंदी पुसायला मदत करणं हे वेगळं काम. पण प्लेसमेंट पगारी असेल तर सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची विद्यार्थी व्हिसावरची परवानगी) हातात आल्याशिवाय पहिला दिवस भरू नका. आणि संस्थेत गेल्यावर पहिल्या आठवड्यात एकच मागा: नाव झाकलेली एक जुनी फाइल. त्यातली अटकेची तारीख, कलम, वजन आणि निकाल स्वतः शोधून काढा. मला पहिल्या फाइलला अख्खी दुपार लागली होती.