डाएटवर जीव घाबरतोय? आधी ताट तपासा

सकाळी नुसती काळी कॉफी, दुपारी काकडी-टोमॅटो, आणि संध्याकाळी विरार लोकलमध्ये छातीत धडधड, हात थरथर, उगाच चिडचिड. रक्तातली साखर उतरली की शरीर अ‍ॅड्रेनलिन हा ताणाचा हार्मोन सोडतं. त्याची लक्षणं थेट घबराटीसारखी असतात, आणि रिकाम्या पोटची कॉफी ती वाढवते.

मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग झाला. २४ आठवडे रोज सुमारे १,५७० कॅलरी. तेवढ्यानेही उदासी, चिडचिड आणि डोक्यात सतत जेवण! मग रोज १,००० कॅलरींचा डाएट-तक्ता मनाला कसा झेपेल?

कपात रोज ३०० ते ५०० कॅलरींपुरती ठेवा. दिवसाच्या एकूण ८०० कॅलरींच्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जाऊच नका. सकाळी आधी दोन उकडलेली अंडी किंवा मुगाची दोन धिरडी, कॉफी नंतर. चपाती-भात कमी करा, बंद नको. ऑफिसातून निघण्याआधी ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे खा, साधारण १७० कॅलरी. लोकलमध्ये चढल्यावर डबा उघडायला हात मोकळे नसतात.

आठवडाभर दोन गोष्टी टिपा: घाबरायला कधी झालं आणि त्याआधी कधी खाल्लं होतं. खाल्ल्यावर अर्ध्या तासात बरं वाटलं, तर कारण बहुधा भूक. नाही वाटलं, तर डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासून घ्या. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका. खाण्याची भीती वाटू लागली, जगणं नकोसं झालं, तर डाएट तिथेच थांबवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.