ऑटोमॅटिक गिअर स्लिप होतोय? गिअरबॉक्स उघडण्याआधी हे तपासा

अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा वर जातो, पण गाडी त्या मानाने वेग घेत नाही, तर गिअर स्लिप होत असण्याची दाट शक्यता आहे. पिकअप गेलाय आणि काटाही चढत नाही, तर दोष बहुधा इंजिनात असतो. हा फरक ओळखला नाही, तर चांगला गिअरबॉक्स विनाकारण खोलला जातो.

इथली माहिती टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग) असलेल्या नेहमीच्या ऑटोमॅटिक गाड्यांसाठी आहे. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सचेच गिअर आपोआप बदलणारी) किंवा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली) यांची रचना वेगळी असते, त्यामुळे तपासणीही वेगळी.

सुरुवात गिअरबॉक्सच्या ऑइलपासून करा. बहुतेक गाड्यांत ते इंजिन गरम आणि चालू असताना, सपाट जागेवर मोजतात. हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये क्षणभर ठेवा, पुन्हा 'पी'वर आणा आणि मग डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढा. काही गाड्यांत इंजिन बंद करून मोजायचं असतं, तर अनेक नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते. म्हणून आधी गाडीचं मॅन्युअल बघा.

पातळी कमी असेल तर नुसतं ऑइल भरून मोकळे होऊ नका. हे ऑइल जळून संपत नाही. कमी झालं म्हणजे कुठूनतरी गळतंय. काळपट रंग आणि करपल्याचा वास आला, तर आतल्या क्लचच्या प्लेटा जळाल्या असाव्यात. दुधाळ दिसलं, तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलंय. अशी गाडी चालवूच नका.

ऑइल ठीक असेल तर मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून बघा. माझ्या मते निदानाचा खरा धागा इथेच सापडतो. काटा कोणत्या बदलाच्या वेळी उसळतो, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना की सगळीकडेच? एकाच गिअरमध्ये होत असेल, तर संशय त्या गिअरच्या क्लचवर किंवा त्याच्या सोलेनॉइडवर (ऑइलचा प्रवाह सोडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हवर) घ्यावा. सगळ्या गिअरमध्ये होत असेल, तर ऑइलचा दाब, तुंबलेला फिल्टर, पंप किंवा टॉर्क कन्व्हर्टर तपासायला हवा. गाडी थंड असताना स्लिप होते की तापल्यावर, 'डी' किंवा 'आर' टाकल्यावर गिअर लागायला वेळ लागतो का, हेही लिहून ठेवा. थांबलेली गाडी निघताना काटा थोडा पुढे धावणं मात्र स्वाभाविक आहे. तेव्हा टॉर्क कन्व्हर्टर आपलं काम करत असतो.

मग स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. पी०७०० कोड एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या यंत्रणेत काहीतरी बिघाड आहे. नेमकं कारण सोबतच्या कोडमध्ये शोधावं लागतं. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, पी०७४१ म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) नीट लागत नाही.

ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबून करायची स्टॉल टेस्ट घरी करू नका. काही सेकंदांत ऑइल भयंकर तापतं आणि आधीच झिजलेल्या प्लेटा जातात. ऑइलचा दाब गेज लावून गॅरेजमध्येच मोजून घ्या आणि तिथे तुमच्या नोंदीही दाखवा.