घरच्या घरी अभंगाचे चित्रीकरण: कमी खर्चात चांगला आवाज कसा मिळवावा

गायक, पेटी, तबला आणि टाळ असा संच घरच्या दिवाणखान्यात बसवून एखाद्या अभंगाचे चित्रीकरण करायचे ठरले, की पहिली चर्चा हमखास कॅमेऱ्याची होते. प्रत्यक्षात आजचा कोणताही बरा मोबाइल या कामापुरते चित्र देतो. उणीव राहते ती आवाजाची. सर्व जण चौकटीत मावावेत म्हणून मोबाइल सात-आठ फूट लांब ठेवावा लागतो, आणि तेवढ्या अंतरावर गायकाच्या थेट आवाजाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, भिंती, फरशी आणि छतावर आपटून आलेला आवाज पोहोचतो. शिवाय मोबाइलचे कॅमेरा अ‍ॅप आवाजाची पातळी बहुधा स्वतःच कमी-जास्त करत असते. टाळ वाजले की गाणे दबते आणि गायक श्वासासाठी थांबला की खोलीतला सगळा गोंगाट वर येतो. म्हणून चित्र लांबून घ्यावे, आवाज जवळून घ्यावा आणि दोन्ही नंतर जुळवावेत.

आधी खोली

काहीही विकत घेण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक खोलीत एकदा जोरात टाळी वाजवून पाहावी. टाळीमागून झणझणीत घुमारा ऐकू आला, तर तोच घुमारा प्रत्येक स्वरावर चढणार आहे. फरशी, काच आणि मोकळ्या भिंती असलेला प्रशस्त दिवाणखाना या परीक्षेत बहुधा नापास होतो. गादी, जाड पडदे, पुस्तके आणि कपड्यांचे कपाट असलेली लहानशी झोपायची खोली पुष्कळदा सरस ठरते. खाली सतरंजी आणि तिच्यावर गादी घालावी, कपाटाची दारे उघडी ठेवावीत, आणि गायकाच्या पाठीमागे व एका बाजूला दोरीवर जाड गोधड्या टांगाव्यात. गोधडी पाठीमागेच का, याचे कारण असे की माइक गायकाकडे तोंड करून असतो, त्यामुळे गायकाच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज त्यात सर्वांत सहज शिरतो. गोधडी चौकटीत दिसणे नको असेल, तर तिच्यावर साधी चादर किंवा जुने लुगडे सोडावे. भिंतीला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला वारंवार दिला जातो, पण त्यांचा उपयोग नगण्य असतो. ते श्रम गोधड्यांवर खर्च करावेत.

गोधडी खोलीतला घुमारा कमी करते, रस्त्यावरचा हॉर्न मात्र अडवत नाही. त्यासाठी वेळ निवडावी लागते. दुपारची निजानीज बहुतेक वस्त्यांत सोयीची असते. पंखा, कूलर आणि फ्रिज बंद करावेत, चोक असलेली ट्यूबलाइट गुणगुणत असेल तर ती मालवावी आणि लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवावा, कारण चार्जरमुळे कित्येकदा आवाजात घरघर उतरते.

माइक कोणता आणि कुठे

घरात दुसरा मोबाइल असेल तर सुरुवात त्यानेच करावी. त्यावर ध्वनिमुद्रणाचे असे अ‍ॅप घ्यावे, ज्यात वेव्ह (आवाज न दाबता साठवणारे) स्वरूप आणि ४८ किलोहर्ट्झ नमुनादर निवडता येतो आणि आवाजाची आपोआप होणारी जुळवाजुळव बंद करता येते. फोन फ्लाइट मोडवर टाकून गायकापासून दीड-दोन फुटांवर ठेवावा. एवढ्यानेच कॅमेऱ्याच्या आवाजाहून मोठा फरक जाणवतो. साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळणारा वायरचा कॉलर माइक ही पुढची पायरी. मात्र तो बहुधा चहूबाजूंनी ऐकणारा असतो आणि उपरण्याला, पदराला किंवा मंगळसूत्राला घासला की खरखरतो, म्हणून तो कपड्याला न लावता लहान स्टँडवर बांधणे बरे. खर्चाची तयारी असेल, तर एका दिशेने ऐकणारा यूएसबी माइक घ्यावा, कारण त्याच्या पाठीकडून येणारा आवाज तो बराचसा टाळतो. आपल्या संगीतात हा गुण फार मोलाचा आहे.

गायक स्वतःच पेटी वाजवत असेल, तर पेटी गळ्यावर मात करते. अशा वेळी माइक पेटीच्या वर, हनुवटीच्या किंचित खाली, तोंडापासून सुमारे एक फुटावर धरावा आणि त्याचे तोंड वर गायकाकडे वळवावे. म्हणजे माइकची बहिरी बाजू आपोआप पेटीकडे येते आणि भात्याचा फुसफुसाटही कमी होतो. पेटी दोन रीडची, म्हणजे सुरांच्या पट्ट्यांचे दोन संच असलेली असेल, तर शक्यतो एकच रीड चालू ठेवावा.

माइक एकच असेल, तर आवाजांचा तोल बसण्याच्या जागांनीच साधावा लागतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. हा नियम ध्यानात ठेवून तबला तीन-चार फुटांवर बाजूला आणि टाळ त्याहून लांब, शक्य तर माइकच्या पाठीकडे बसवावेत. एक कडवे मुद्रित करावे, ऐकावे आणि मग माणसे हलवावीत. प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित करून नंतर एकत्र करण्याचा मार्गही आहे, पण अभंगासाठी तो मी सुचवणार नाही. गायकाच्या ओळीला तबलजीची लग्गी (तबल्यावरचा जलद, लयदार बोलांचा तुकडा) जे उत्तर देते, ते समोरासमोर बसल्याशिवाय घडत नाही.

सूर आणि पातळी

पेटीचा सूर बदलता येत नाही, म्हणून तबला आणि तानपुरा दोन्ही तिच्याशी मिळवावेत. गायकाची पट्टी काळी एक असो वा पांढरी चार. पंखा बंद केल्यावर आणि विशेषतः पावसाळी हवेत तबल्याची पुडी उतरते, त्यामुळे मुद्रणाच्या लगेच आधी पुन्हा सूर तपासावा. इलेक्ट्रॉनिक तानपुरा खोलीत मोठ्याने वाजवू नये. तो गाण्यात मिसळला की नंतर कुठेही काटछाट करता येत नाही, कारण तारांचे आवर्तन तुटलेले कानाला लगेच कळते. गायकाने तो एका कानात वायरच्या इअरफोनने ऐकावा आणि संकलनाच्या वेळी वेगळा जोडावा. ब्लूटूथच्या इअरफोनमध्ये आवाज उशिरा पोहोचतो, म्हणून ते येथे वापरू नयेत.

पातळी ठरवताना गायकाने अभंगातली सर्वांत उंच ओळ पूर्ण ताकदीने गावी, टाळकऱ्यांनीही हात राखू नये, आणि तेव्हा मापकातला उच्चांक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावा (शून्य ही मापकाची कमाल मर्यादा). हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज समाधानकारक दुरुस्त होत नाही.

चित्र आणि जुळणी

चित्रासाठी खिडकीचा तिरपा उजेड पुरेसा आहे. मागचा कॅमेरा वापरावा, पडद्यावर बोट दाबून प्रकाश आणि फोकस कायम करावेत, आणि दिव्याच्या उजेडात पट्टे लुकलुकत असतील तर शटर १/५० सेकंदावर आणावे, कारण भारतातील वीज ५० हर्ट्झची आहे.

दोन्ही यंत्रे चालू झाल्यावर गायकाने कॅमेऱ्यासमोर एक स्पष्ट टाळी वाजवावी, आणि अभंग संपल्यावर दुसरी. दा विंची रिझॉल्व्ह या चित्रसंकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत चित्र आणि आवाज एकाखाली एक ठेवले की टाळीचे टोक दोन्हींत दिसते. ती टोके जुळवून कॅमेऱ्याचा मूळ आवाज बंद करावा. शेवटची टाळी जुळत नसेल, तर आवाज हळूहळू सरकला आहे असे समजावे. प्रत्येक अभंगाची फाइल स्वतंत्र ठेवली की हा सरक सहसा जाणवत नाही.

आवाजावरचे संस्कार कमीत कमी असावेत आणि ते ऑडॅसिटीसारख्या मोफत साधनात करता येतात. गायकाला स्वतंत्र माइक असेल, तर त्या माइकच्या मुद्रणातला ८० हर्ट्झखालचा भाग कापावा. एकाच माइकवर सगळे असतील, तर हे टाळावे, नाहीतर डग्ग्याची घुमक जाते. गोंगाट घटवणारे साधन जपून वापरावे, कारण जास्त झाले की टाळांची किणकिण पाण्यात बुडाल्यासारखी येते. अंतिम उच्चांक उणे १ डेसिबलपाशी थांबवावा. आवाज अट्टहासाने मोठा करण्यात लाभ नाही, कारण यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसपेक्षा (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचे एकक) मोठा आवाज स्वतःच उतरवते. तयार फाइल इअरफोनवर आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकावी. मोबाइलवर डग्गा जवळजवळ नाहीसा होतो. तो त्या स्पीकरचा स्वभाव आहे, त्यासाठी खर्ज वाढवू नये. शब्द मात्र तेथेही स्वच्छ कळायलाच हवेत. कळत नसतील, तर माइक गायकाच्या आणखी जवळ नेऊन अभंग पुन्हा घ्यावा.