सिनेमा टीव्हीवर लंगडतोय? कॉम्प्युटरचा रिफ्रेश रेट असा जुळवा

कॅमेरा शेतावरून सावकाश फिरतोय आणि बांधावरचं झाड मात्र गचके खात सरकतंय. टीव्ही चांगला, फाइल स्वच्छ, तरीही. आमच्या घरी हे बरेच दिवस चाललं आणि मी त्याचं खापर ग्राफिक्स कार्डावर फोडत राहिलो. बिचाऱ्या कार्डाचा काही दोष नव्हता. हिशेब चुकत होता.

सिनेमात सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे फ्रेम, असतात आणि कॉम्प्युटर टीव्हीला सहसा सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवतो. हाच रिफ्रेश रेट, तो हर्ट्झमध्ये मोजतात. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही. मग एक फ्रेम दोनदा दाखवायची, पुढची तीनदा, असं करून वेळ भरून काढावा लागतो. एक फ्रेम ३३ मिलिसेकंद थांबते, दुसरी ५०. डोळ्याला जाणवते ती ही लंगडी. टीव्हीलाच २४ चा सिग्नल दिला की ती जाते.

१. फाइलचा रेट बघा. मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा आणि ‘फ्रेम रेट’ची ओळ वाचा. बहुतेक सिनेमांना तिथे २३.९७६ दिसेल. याला २४ समजून सोडून देऊ नका. २३.९७६ ची फाइल नेमक्या २४ हर्ट्झवर चालवली तर दर ४१-४२ सेकंदांनी एक फ्रेम दुसऱ्यांदा दाखवावी लागते. २०११ मध्ये आलेल्या इंटेलच्या सँडी ब्रिज प्रोसेसरांच्या ग्राफिक्सला २३.९७६ नेमकं देताच येत नसे. घरात त्या काळातला पीसी असेल तर हा झटका कायमचा धरून चाला.

आपल्याकडचं टीव्ही प्रसारण पाल पद्धतीचं, म्हणजे सेकंदाला २५ चित्रांचं असायचं, म्हणून जुन्या मालिका आणि लग्नाच्या कॅसेटवरून केलेल्या फाइल २५ च्या निघतात. त्यांना ५० हर्ट्झ लागतं.

२. टीव्ही काय घेतो ते तपासा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले आणि मग ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडा. रिफ्रेश रेटच्या यादीत २३.९७६, ५०, ५९.९४, ६० असे आकडे दिसायला हवेत. फोर-के टीव्हीवर ३० च्या वर काहीच दिसत नसेल तर जुन्या एचडीएमआय १.४ पोर्टचा संशय घ्या. २३.९७६ ला तो पोर्ट पुरतो, ५० ला नाही.

३. बदल प्लेअरला करू द्या. डेस्कटॉपच कायमचा २४ वर ठेवायचा मोह होतो. करू नका, माउस हलवताना वैताग येईल. मी कोडी हा मोफत प्लेअर वापरतो. त्यात सेटिंग्ज, प्लेअर, व्हिडिओज इथे जाऊन ‘ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ला ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’ द्या. सिनेमा लागला की रेट बदलतो, थांबवला की पहिल्यावर येतो.

रेट बदलताना पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो आणि तेवढ्यात पहिला संवाद निघून जातो. कोडीच्याच सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले इथे रेट बदलल्यावर थोडं थांबायचा (‘डिले’) पर्याय आहे, तिथे तीन सेकंद टाका. आमच्या आईची तक्रार एवढ्यानेच मिटली.

४. व्हाइटलिस्ट भरा. कोडीने कोणती रिझोल्यूशन आणि रेट वापरायचे त्याची ही यादी, त्याच सिस्टीम, डिस्प्लेमध्ये. सगळे अडकतात ते इथेच. सेटिंग्जची पातळी ‘एक्स्पर्ट’ केल्याशिवाय ती सापडत नाही. ती रिकामी असेल तर कोडी रिझोल्यूशनला हात लावत नाही, फक्त रेट बदलतो. ज्यांचा डेस्कटॉप टीव्हीच्याच रिझोल्यूशनवर आहे त्यांना तेवढं पुरतं. डेस्कटॉप १०८० वर ठेवून सिनेमा फोर-केमध्ये हवा असेल तर मात्र १०८० आणि २१६० (म्हणजे फोर-के) चे सगळे रेट टिकमार्क करा. ५७६ आणि ७२० सोडा, शेवटी ‘आय’ असलेले इंटरलेस्ड मोडही सोडा.

५. ‘सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले’ जपून. हा पर्याय फरक भरून काढायला आवाज किंचित ताणतो. स्पीकरच्या रिसीव्हरला डॉल्बी किंवा डीटीएस प्रकारचा आवाज थेट पाठवत असाल तर तो आवाज ताणता येत नाही आणि मधेच टिक्‌टिक् ऐकू येते. रेट नीट जुळत असेल तर हा बंदच ठेवा.

६. खात्री टीव्हीकडून करा. सिनेमा चालू असताना रिमोटचं माहितीचं बटण दाबा. बऱ्याच टीव्हींवर येणाऱ्या सिग्नलचा रेट दिसतो. तिथे ६० दिसला तर प्लेअर काहीही म्हणो, काम झालेलं नाही. शेवटची नामावली वर सरकताना बघा, अक्षरं थरथरली तर लगेच कळतं. ही परीक्षा घ्यायच्या आधी टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद करा, कारण ते मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने रचतं आणि खरा दोष झाकतं.

ब्राउझरमधून सिनेमा बघताना यातलं काही आपोआप होत नाही. रेट हाताने बदलावा लागतो, दुसऱ्या पायरीतल्या त्याच जागी. आणि झोपण्यापूर्वी तो ६० वर आणा, नाहीतर सकाळी माउस चिखलातून ओढल्यासारखा चालेल.