घरी किटचं विमान बांधताय? या चुका टाळा

किटचं, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायचं, विमान बिघडतं ते शेपटीच्या पन्नासाव्या रिव्हेटला, रात्री साडेअकरा वाजता, 'चालतंय की' म्हणून पुढे गेल्यावर. मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा कणा, जोडताना प्रत्येक जण श्वास रोखून काम करतो. हलगर्जीपणा होतो तो जे काम आता 'जमायला लागलं' असं वाटतं तिथे. पुढची उदाहरणं बहुतेक आरव्ही मालिकेतल्या विमानांची आहेत. अमेरिकेत ऑरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्टची ही ॲल्युमिनियमची किट जगभर बांधली जातात, त्यामुळे त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

वाईट रिव्हेट काढण्याची घाई

एका आरव्हीत दहा हजारांहून जास्त रिव्हेट असतात. त्यातली काही वाकडी जाणारच. नुकसान वाकड्या रिव्हेटने कमी होतं, ती काढण्याच्या खटपटीत जास्त होतं.

चांगलं रिव्हेट कसं दिसतं ते आधी पक्कं करा. ठोकल्यावर मागे तयार होणारं शॉप हेड रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच असावं. १/८ इंचाच्या रिव्हेटसाठी हे ३/१६ इंच रुंद आणि १/१६ इंच उंच होतं. त्यासाठी ठोकण्याआधी रिव्हेट पत्र्यांच्या मागे साधारण दीड व्यास बाहेर यायला हवं. लांब रिव्हेट आडवं पडतं, आखूड रिव्हेटला पुरेसं डोकं होत नाही. पिशवीवरचा शेवटचा आकडा लांबीचा असतो, सोळांश इंचात. म्हणजे एएन४२६एडी३-४ हे ३/३२ इंच व्यासाचं, ४/१६ इंच लांबीचं चपट्या डोक्याचं रिव्हेट. नकाशात दिलेली लांबी बहुधा बरोबर असते, पण दोन पत्र्यांत एक पट्टी वाढली किंवा प्रायमरचा जाड थर बसला की ती कमी पडू शकते. रिव्हेट गेज वीस रुपयांच्या खेळण्यासारखं दिसतं, तरी ते खिशातच हवं. डोळ्यावर विसंबू नका.

दुसरी चूक रिव्हेट ठोकणाऱ्या गनमधल्या हवेच्या दाबाची. नवशिका माणूस भीतीने दाब फार कमी ठेवतो आणि एकाच रिव्हेटवर दहा सेकंद टकटक करत बसतो. मार खाऊन रिव्हेटचा धातू कडक होतो, मग डोकं नीट पसरत नाही आणि कडेला चिरतं. ३/३२ इंचासाठी सुमारे ४० पीएसआयपासून (चौरस इंचाला पौंड) सुरुवात करा, टाकाऊ पत्र्यावर वीस-पंचवीस ठोका आणि दोन-तीन सेकंदांत शॉप हेड तयार होईल इतका दाब ठरवा. बकिंग बार, म्हणजे मागून धरायचा जड धातूचा ठोकळा, पत्र्याला काटकोनात धरा. तो कलला की डोकं कलतं.

आता काढण्याचं. ३/३२ साठी ४० नंबरचा ड्रिल, १/८ साठी ३० नंबरचा. फक्त डोक्याच्या जाडीइतकंच, बरोबर मध्यावर भोक पाडा. पिन पंच घालून डोकं बाजूला कलवून तोडा. मागून लाकडाचा आधार देऊन दांडा हळूच बाहेर ठोका. ड्रिल आरपार घालणं हा आळशी माणसाचा मार्ग. ड्रिल सरकतो, भोक लांबट होतं आणि दुसरं रिव्हेट पहिल्यापेक्षा वाईट बसतं. लांबट भोकासाठी लहान डोक्याचं पण जाड दांड्याचं रिव्हेट मिळतं, अमेरिकेतले बांधणारे त्याला 'ऊप्स रिव्हेट' म्हणतात. त्याची छोटी पिशवी आणून ठेवा. मात्र भोकाचं केंद्र पत्र्याच्या कडेपासून व्यासाच्या दुप्पट अंतराच्या आत गेलं असेल, तर स्वतः निर्णय घेऊ नका. फोटो काढा आणि किट कंपनीच्या मदत विभागाला विचारा.

शॉप हेड किंचित कमी रुंद आहे पण सरळ आहे, आजूबाजूची चांगली आहेत, अशा रिव्हेटला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सुंदर दिसावं म्हणून तीनदा काढलेलं रिव्हेट हे त्या ओळीतलं सगळ्यात कमकुवत असतं.

डिबर, डिंपल आणि भेगा

क्रम ठरलेला आहे. सगळं क्लिकोंनी, म्हणजे भोकात बसणाऱ्या तात्पुरत्या चिमट्यांनी, जोडायचं, भोकं शेवटच्या मापाला न्यायची, सगळं पुन्हा सुटं करायचं, डिबर (भोकाच्या कडेला उरलेली धारदार बर काढणं), डिंपल (चपटं डोकं बसावं म्हणून भोकाभोवतीचा पत्रा वाटीसारखा दाबणं), प्रायमर, आणि मग रिव्हेट. 'आता जोडलंच आहे तर ठोकून टाकू' ही इच्छा मारावी लागते. पत्र्यांमध्ये अडकलेली बर दोन पत्रे घट्ट बसू देत नाही आणि तिच्या टोकापासून भेग सुरू होते. डिबर करताना हाताने दोन-तीन हलके फेरे पुरतात. ड्रिलवर कटर लावून जोर दिला तर पातळ पत्र्यात नकळत काउंटरसिंक होतं, म्हणजे भोकाचं तोंड शंकूसारखं कापलं जातं, आणि भोकाची कड सुरीसारखी पातळ उरते. ३/३२ च्या रिव्हेटसाठी ०.०३२ इंचापेक्षा पातळ पत्रा काउंटरसिंक करायचाच नाही, त्याला डिंपलच हवा.

भोकाच्या कडेचं महत्त्व किती, हे २०२३ मध्ये सगळ्यांना दिसलं. व्हॅन्सच्या काही सुट्या भागांची भोकं पंच करण्याऐवजी लेझरने कापली होती. डिंपल करताना त्या भोकांच्या कडेला भेगा पडू लागल्या. लेझर जिथे सुरू होतो आणि थांबतो तिथे बारीकशी खाच राहते, आणि डिंपल करताना पत्रा ताणला की ताण नेमका तिथे गोळा होतो. भाग बदलून देण्याचा खर्च आणि इतर अडचणी मिळून डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण घ्यावं लागलं. त्यातून ती सावरली. बांधणाऱ्याने यातून घ्यायची सवय साधी आहे. डिंपल केल्यावर प्रत्येक ओळीवरून दहापट भिंगाने नजर फिरवा. एका रिबला, म्हणजे पंखातल्या फासळीला, दोन मिनिटं लागतात.

पेट्रोलची टाकी

आरव्हीच्या पंखातली टाकी दोन भागांच्या सीलंटने बंद होते. पांढरा दहा भाग, काळा एक भाग, वजनाने. चमच्याने नाही. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या आणि एका वेळी ४०-५० ग्रॅमच कालवा. जास्त केलं तर शेवटचं अर्धं घट्ट होत असताना ते 'वाया जाऊ नये' म्हणून तुम्ही लावणार, आणि तिथेच गळती होणार. पत्रा स्कॉचब्राइटने (खरखरीत घासणीने) खरवडून, सॉल्व्हंटने पांढऱ्या कापडावर डाग येईनासा होईपर्यंत पुसा. प्रत्येक शॉप हेड सीलंटखाली पूर्ण झाकलेलं हवं.

गळतीच्या चाचणीत लोक कॉम्प्रेसर जोडतात आणि टाकी फुगवून बसतात. १ पीएसआय ऐकायला काहीच वाटत नाही, पण एका चौरस फुटावर तो १४४ पौंड होतो, म्हणजे ६५ किलो. टाकीचा पत्रा अनेक चौरस फुटांचा असतो. व्हेंटला, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळीला, साधा फुगा बांधा, तोंडाने किंवा सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. फुगा सकाळी सैल आणि दुपारी टणक झाला तर तो तापमानाचा खेळ आहे. खरी साक्ष बुडबुड्यांची. आणि सापडलेली गळती बाहेरून सीलंट थापून बंद होत नाही, आतला दाब तो थर ढकलत राहतो. दुरुस्ती आतूनच करावी लागते.

नकाशा 'सुधारणं'

ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात मॉन्टेरेजवळ समुद्रात कोसळून गेला. त्याचं विमान लाँग-ईझी हे किटचं नव्हतं, बर्ट रुटानच्या नकाशांवरून एका हौशी माणसाने बांधलेलं होतं. नकाशात टाक्या बदलण्याची इंधन खुंटी वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये, हाताशी होती. बांधणाऱ्याने ती मागे, डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर नेली. इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नकोत, हा त्याचा विचार. विचार ऐकायला सुरक्षिततेचाच होता.

परिणाम असा झाला की खुंटी फिरवायला वैमानिकाला मान आणि खांदा वळवून मागे हात न्यावा लागे. खुंटीवर खुणा नव्हत्या, ती फिरायलाही जड होती. इंधन दाखवणाऱ्या काचनळ्या मागच्या बाजूला होत्या आणि त्यांवरही अंक नव्हते. उड्डाणाआधी इंधन भरायचं का विचारल्यावर डेन्व्हरने नको म्हटलं. अपघाताच्या तपासात हे मांडलं गेलं की खुंटीकडे वळताना उजवा पाय रडरच्या (शेपटीवरच्या, नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या भागाच्या) पेडलवर जोराने दाबला जातो. वैमानिकाचा अनुभव कमी पडला, इंधन कमी होतं, हे खरंच. पण अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेने कारणांमध्ये बांधणाऱ्याने खुंटी हलवण्याचा निर्णयही नोंदवला.

म्हणून बदल करायचाच असेल तर तीन गोष्टी आधी करा. मूळ रचना तशी का आहे ते किट कंपनीकडून समजून घ्या. मग बदलून काय काय हलतं ते लिहा: वजन, केबलची लांबी, हाताची पोच, दुरुस्तीला लागणारी जागा. शेवटी पट्टे घट्ट बांधून सीटवर बसा आणि डोळे मिटून तो खटका, ती खुंटी सापडते का पहा. डोळे मिटून सापडत नसेल तर ती जागा चुकीची आहे.

थोडक्यात सांगण्यासारख्या

फ्लेअर केलेल्या, म्हणजे टोक कर्ण्यासारखं पसरवलेल्या, नळ्यांना विमानात ३७ अंशाचा कोन लागतो. हार्डवेअरच्या दुकानातलं यंत्र ४५ अंशाचं असतं. दोन्ही एकमेकांत बसल्यासारखे वाटतात आणि नंतर गळतात. या सांध्यांवर टेफ्लॉन टेपही नको.

पत्र्यावर पेन्सिलने खूण करू नका, ग्राफाइटमुळे ॲल्युमिनियम गंजतं. मार्कर वापरा. निळी प्लास्टिकची फिल्म वर्षानुवर्षं तशीच ठेवली तर तिच्याखालीही गंज येतो.

डाव्या-उजव्या भागांच्या रिब एकाच वेळी टेबलावर आरशातल्यासारख्या मांडा. दोन डावे एलेव्हेटर (शेपटीवरचे, नाक वर-खाली करणारे भाग) बांधणारे दरवर्षी निघतात.

एएन३ (३/१६ इंची) बोल्टचा नट २० ते २५ इंच-पौंडांनी आवळा, एएन४ चा (१/४ इंची) ५० ते ७० ने. सेल्फ-लॉकिंग नट असेल तर त्याचा स्वतःचा फिरण्याचा विरोध मोजून तो यात मिळवा. आवळलं की लगेच लाखेची खूण करा. खूण नाही म्हणजे आवळलेलं नाही, असंच धरा.

स्टिकच्या, म्हणजे विमान चालवायच्या दांड्याच्या, माथ्यावर अंगठा उभा धरून स्टिक उजवीकडे न्या. अंगठा ज्या बाजूला झुकेल त्या बाजूचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) वर गेला पाहिजे. शेवटच्या जोडणीनंतर हे दुसऱ्या माणसाला बाहेर उभं करून तपासा.

तयार विमान बाहेर काढायचा दरवाजा आधीच मोजा. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला गच्चीवर विमान बांधलं, तेव्हा २०१६ मधल्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनासाठी ते खाली आणावं लागलं. त्यांचं विमान स्वतःच्या आराखड्याचं, आणि नोंदणी २०१७ मध्ये, उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये. कागदांना किती वर्षं लागतात तेही बांधणीच्या वेळापत्रकात धरा. अमेरिकेत बांधत असाल तर निम्म्याहून अधिक काम हौस किंवा शिक्षण म्हणून केल्याचं दाखवावं लागतं. प्रत्येक कामाच्या दिवसाचा तारखेसह फोटो ठेवा, त्यात कधीतरी तुम्हीही दिसू द्या.

पहिल्या उड्डाणाआधीची चाचणी, जी सगळे टाळतात

इंजिन उभ्या विमानावर सुरळीत चालतं म्हणून इंधनाचा प्रवाह तपासायचा राहून जातो. पण चढताना नाक वर असतं आणि तेव्हाच इंजिन सगळ्यात जास्त पितं. शेपटीचं चाक खड्ड्यात घाला किंवा पुढचं चाक उचलून जितक्या कोनात चढणार तितकं नाक वर करा. टाकीत थोडंच इंधन ठेवा. कार्ब्युरेटरपाशी नळी सोडून इंधन मोजपात्रात घ्या आणि घड्याळ लावा. पंपावर चालणारी व्यवस्था असेल तर इंजिनच्या कमाल गरजेच्या १२५ टक्के, फक्त गुरुत्वाकर्षणावर असेल तर १५० टक्के प्रवाह मिळायला हवा. तासाला ४० लिटर लागत असतील तर पंपाने ५०, गुरुत्वाकर्षणाने ६०. प्रत्येक टाकीवर वेगळं मोजा, खुंटी फिरवून. जवळ आग विझवण्याचं सिलिंडर ठेवा, विमानाला अर्थिंग जोडा, बंद गॅरेजमध्ये हे करू नका. आकडा कमी आला तर आधी गाळणी पहा, मग व्हेंट. टाकी बांधताना सीलंटची एक पापडी व्हेंटच्या तोंडात राहिलेली असते.