वसंतात नर्सरीतून रोपे कशी घ्यावीत आणि विकायची असल्यास कशी विकावीत

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या बाजूला गेल्यास ओळीने लागणाऱ्या रोपवाटिकांमध्ये नजर ठरत नाही. पिटुनिया, डायंथस, पॅन्झी आणि झेंडू एकाच वेळी फुललेले असतात, गुलाबावर कळ्या असतात आणि हवेत अजून सकाळचा गारवा असतो. याच दिवसांत सर्वाधिक रोपे चुकीची घेतली जातात. आपल्याकडचा वसंत हा थंड प्रदेशातल्या वसंतासारखा हलक्या पावलांनी उन्हाळ्यात जात नाही. होळी झाली की ऊन चटके देऊ लागते, मार्चअखेरीस पुण्यातही पारा ३७-३८ अंशांपर्यंत जातो, आणि विदर्भात तर त्याहून वर. म्हणून या हंगामात रोप घेताना आज त्यावर किती फुले आहेत यापेक्षा ते मे महिना काढेल का, हा प्रश्न आधी विचारावा. रोपे विकणाऱ्यानेही हाच प्रश्न स्वतःला विचारावा, कारण मे महिन्यात मेलेल्या रोपाचे गिऱ्हाईक जूनमध्ये परत येत नाही.

घरातून निघण्यापूर्वी

ज्या जागी रोप ठेवायचे आहे तिथे किती तास आणि कोणत्या वेळचे ऊन येते, हे सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष पाहून ठेवावे. पूर्वेच्या गॅलरीत सकाळचे तीन-चार तासांचे ऊन येते आणि ते बहुतेक झाडांना मानवते. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी दोननंतर भिंतही तापते आणि कुंडीची माती संध्याकाळपर्यंत गरम राहते. गच्चीवर तर खालची फरशीच कुंडीतली मुळे भाजते, त्यामुळे तिथे कुंडीखाली विटा ठेवून हवा खेळती ठेवावी लागते. सूर्य जसा उत्तरेकडे सरकतो तसे उन्हाचे कोनही बदलतात, आणि जानेवारीत भरपूर ऊन असलेल्या दक्षिणेच्या खिडकीत एप्रिलमध्ये ते जवळजवळ येतच नाही, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही.

त्यानंतर यादी करावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिटुनिया, पॅन्झी, नॅस्टर्शियम, शेवंती, डेलिया ही थंडीतली मंडळी मुक्काम हलवण्याच्या तयारीत असतात. नर्सरीवाले ती स्वस्तात देऊ लागतात ते त्यामुळेच. चार आठवड्यांची शोभा हवी असेल तर ती खुशाल घ्यावीत, पण ती वर्षभराची झाडे समजून घेऊ नयेत. डेलियाचा मात्र अपवाद करता येतो, कारण पाने वाळल्यावर त्याचे कंद काढून कोरड्या वाळूत सावलीला ठेवता येतात. वसंतात घेण्यासारखी खरी झाडे म्हणजे मोगरा, बोगनवेल, जास्वंद, अ‍ॅडेनियम, कढीपत्ता आणि तुळस. हंगामी फुलांत झिनिया, चिनी गुलाब, पिवळा कॉसमॉस आणि गोम्फ्रेना ही उन्हाला न डरणारी आहेत. निशिगंधाचे कंदही याच दिवसांत लावतात. नेचे, ऑर्किड आणि नाजूक पानांची घरातली झाडे मात्र पहिला पाऊस पडेपर्यंत थांबवावीत, विशेषतः हवा कोरडी असलेल्या देशावर. कोकणातल्या दमट हवेत ती तुलनेने तग धरतात.

रोप पारखावे ते खालून वर

गिऱ्हाईक फुलाकडे पाहते आणि जाणकार पिशवीच्या बुडाकडे पाहतो. पिशवी उचलून खालच्या छिद्रांतून डोकावणारी मुळे पाहावीत. दोन-चार पांढरी मुळे दिसत असतील तर रोप पिशवीत स्थिरावले आहे असे समजावे. जाड, तपकिरी मुळांचा वेढा बाहेर येऊन जमिनीत घुसलेला असेल, तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिले आहे आणि उचलताना त्याची मुख्य मुळे तुटणार आहेत. उलट बाजूने, खोड हलकेच धरून डोलवल्यावर ते मातीत सैल हलत असेल, तर ते आठ-दहा दिवसांपूर्वीच या पिशवीत भरलेले असण्याची शक्यता असते. असे रोप घेऊ नये.

मातीचा रंग आणि पोतही पाहावा. महाराष्ट्रातल्या नर्सऱ्यांत येणारी बरीच शोभेची झाडे आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियम परिसरातून ट्रकने येतात, आणि प्रवासात मुळे सुटू नयेत म्हणून ती चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात बांधलेली असतात. हा गोळा वाळला की विटेसारखा होतो. वरून घातलेले पाणी त्याच्या कडेने खाली निघून जाते आणि कुंडी ओली दिसत असताना आतली मुळे कोरडीच राहतात. अशी झाडे वाईट नसतात, पण घरी आल्यावर काय करावे लागेल हे ठाऊक असले पाहिजे. ते पुढे सांगितले आहे.

त्यानंतर पानांची मागची बाजू पाहावी. पान आणि दांडा यांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे काही चिकटलेले असेल तर तो पिठ्या ढेकूण होय, आणि जास्वंदीवर तो हमखास सापडतो. पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि मागे अतिसूक्ष्म जाळे दिसल्यास तो लाल कोळी असतो. कोरड्या उन्हात तो आठवड्याभरात शेजारच्या कुंड्यांवर पसरतो, त्यामुळे असे रोप फुकट मिळाले तरी आणू नये. गुलाब घेताना डोळा भरलेली जागा, म्हणजे रानगुलाबाच्या खोडावर चांगल्या जातीचा कोंब बसवलेला जोड, शोधावी. फूट त्या जागेच्या वरून आलेली हवी, कारण खालून आलेली जोमदार फूट ही खुंटाची, म्हणजे रानगुलाबाची असते आणि ती मूळ कलमाचे अन्न खाते. सर्व फुले उमललेल्या रोपापेक्षा कळ्या असलेले, आणि कळ्यांपेक्षा नवी पालवी असलेले रोप घेणे माझ्या मते अधिक शहाणपणाचे आहे, पण घरच्या मंडळींना हे पटवणे सोपे नाही.

शेवटी एक प्रश्न न चुकता विचारावा. "दादा, हे शेडमधलं आहे की उन्हातलं?" हिरव्या जाळीखाली वाढलेले रोप थेट गच्चीवर ठेवल्यास दोन दिवसांत त्याची पाने करपतात, आणि दोष नर्सरीला दिला जातो. सांगणारा प्रामाणिक असेल तर तो स्वतःहूनच सांगतो.

मी एकदा एप्रिलमध्ये कळ्यांनी लगडलेला मोगरा आणला होता. पंधरा दिवसांत कळ्या पिवळ्या पडून गळाल्या, म्हणून कुंडीतून काढून पाहिले तर मोठ्या पिशवीच्या आत लहान काळी पिशवी तशीच होती. मोठ्या पिशवीचा भाव लावता यावा म्हणून लहान पिशवीसकट रोप तिच्यात बसवून भोवती माती भरलेली होती, आणि सारी मुळे त्या आतल्या पिशवीत गोल गोल फिरून गुदमरली होती. तेव्हापासून मोठ्या पिशवीतले महाग रोप घेताना खोडाजवळची वरची माती बोटाने दोन इंच उकरून पाहतो. विक्रेता कधी नाराज होतो, पण त्याला इलाज नाही.

आणणे आणि पहिले दहा दिवस

रोपे सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर आणावीत. दुचाकीवरून आणताना वाऱ्याने कोवळी पाने फाटतात आणि वाळतात, त्यामुळे रोपाभोवती वर्तमानपत्र सैलसर गुंडाळावे. बंद मोटारीच्या डिकीत रोप ठेवून बाजारात दुसऱ्या कामाला जाणे म्हणजे ते भट्टीत ठेवण्यासारखे आहे.

घरी आणल्याबरोबर कुंडी बदलण्याची घाई करू नये. सात-आठ दिवस रोप आहे त्याच पिशवीत, इतर झाडांपासून दूर, उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवावे. कीड असेल तर ती याच काळात दिसते. त्यानंतर कुंडी बदलताना पिशवीपेक्षा दोन ते तीन इंच मोठी कुंडी घ्यावी. चार इंची पिशवीतले रोप एकदम चौदा इंची कुंडीत लावल्यास न वापरलेली माती ओलीच राहते आणि मुळे कुजतात. माती, चाळलेले जुने शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात घेऊन मूठभर निंबोळी पेंड मिसळल्यास बहुतेक झाडांचे भागते. अ‍ॅडेनियमला मात्र निम्मी जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा हवा.

चिकण मातीचा गोळा असल्यास पिशवी कापून तो बादलीतल्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवावा आणि मऊ झालेली बाहेरची माती बोटांनी अलगद सोडवावी. गोळ्याचा बाहेरचा एक तृतीयांश भाग सुटला तरी पुरे होते. सगळी माती धुऊन काढण्याचा उत्साह पावसाळ्यासाठी राखून ठेवावा, कारण एप्रिलमध्ये उघडी पडलेली मुळे सावरत नाहीत. बोगनवेलीच्या बाबतीत तर गोळ्याला हातही लावू नये, इतकी तिची मुळे ठिसूळ असतात. कुंडी बदलल्यावर पुन्हा काही दिवस सावली, मग सकाळचे ऊन आणि मग ठरलेली जागा हा क्रम मोडू नये. पाणी ठरावीक वेळापत्रकाने न देता बोट दोन पेरे मातीत घालून, आत ओल नसेल तेव्हाच, पण भरपूर द्यावे.

फळझाडांची कलमे: वसंतात ठरवावीत, पावसात न्यावीत

आंबा, चिकू, नारळ किंवा काजू लावायचा असल्यास मार्चमध्ये कलम घरी आणून उन्हाळाभर सांभाळण्यात अर्थ नाही. वसंतात रोपवाटिका पाहून नोंदणी करावी, एप्रिल-मेमध्ये आंब्यासाठी मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डे खणून ते तापू द्यावेत, आणि पावसाने जमीन भिजल्यावर कलमे उचलावीत. कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिकांत, उदाहरणार्थ दापोली, राहुरी किंवा वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र येथे, मागणी मोठी असते आणि उशिरा गेलेल्यास हवी ती जात मिळत नाही. महाराष्ट्रात फळझाडांची कलमे-रोपे विकण्याच्या धंद्यासाठी १९६९ च्या कायद्यानुसार कृषी खात्याचा परवाना लागतो, तो पाहायला मागण्यात संकोच बाळगू नये. रस्त्याकडेला टेम्पोतून विकले जाणारे "हापूसचे कलम" हापूस होते की रायवळ, हे कळायला काही वर्षे जातात, आणि तोवर तो टेम्पो कुठे गेला हे कोणालाच सांगता येत नाही. कलम घेताना जोड पूर्ण भरलेला, सरळ आणि बिनगाठीचा असावा, जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी काढलेली असावी, आणि पालवी तांबूस-कोवळी असताना ते हलवू नये.

विकायचे असल्यास

घरच्या घरी चार-दोनशे रोपे तयार करून विकणाऱ्यांची संख्या शहरांतही वाढली आहे. त्यांनी हिशेब उलट्या दिशेने मांडावा. झिनियाला बी पेरल्यापासून विकण्याजोगे होण्यास साधारण पाच ते सहा आठवडे लागतात, म्हणजे गुढीपाडव्याला विकायची रोपे सणाच्या तितकेच आठवडे आधी, साधारण फेब्रुवारीत, पेरलेली हवीत. मोगऱ्याची छाट कलमे, म्हणजे फांदीचे तुकडे लावून केलेली रोपे, पावसाळ्यात उत्तम लागतात, त्यामुळे मार्चमध्ये विकायचा मोगरा मागच्या जुलैतच लावलेला असला पाहिजे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला वाण म्हणून रोपे देण्याची पद्धत आता रुळली आहे. त्यासाठी तुळस, पानओवा, कोरफड आणि गवती चहा यांची एकसारख्या उंचीची, लहान पिशवीतली रोपे ठरावीक संख्येने मागितली जातात, आणि दर थोडा कमी ठेवला तरी एका दारात चाळीस रोपे उठतात.

किंमत ठरवताना मर, म्हणजे वाया जाणारी रोपे, धरावी लागते, आणि नेमकी तीच विसरली जाते. उदाहरणादाखल १०० छाट कलमांवर पिशव्या, माती, खत आणि मजुरी मिळून २,००० रुपये खर्च झाला, त्यांपैकी ७० जगली आणि विकण्याजोगी ६० निघाली, तर एका रोपाचा खर्च २० रुपये नसून ३३ रुपये पडतो. तीस रुपयांना विकून "दहा रुपये सुटले" असे मानणारा वास्तविक पदरचे तीन रुपये घालत असतो. शनिवारी-रविवारी घासाघीस होणारच, म्हणून ती किंमत सांगतानाच धरून ठेवावी.

विक्रीपूर्वी दहा-बारा दिवस रोपांना ऊन दाखवावे. जाळीखालून काढून आधी सकाळचे दोन तास, मग चार तास, असे करत पाणीही थोडे कमी करावे. पाने किंचित लहान आणि रंगाने गडद होतात, रोप दिसायला तितके लुसलुशीत राहत नाही, आणि शेजारच्या विक्रेत्याच्या टवटवीत मालापुढे ते फिके वाटते. तरीही उन्हाला सरावलेलेच रोप द्यावे आणि तसे सांगून द्यावे. प्रत्येक रोपाला नाव, ऊन आणि पाणी यांची तीन ओळींची चिठ्ठी लावावी. फुलाचा रंग खात्रीने माहीत नसेल तर अंदाजाने "लाल" लिहू नये. उन्हाळ्यात न टिकणारे रोप असेल तर तेही चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे.

एप्रिलच्या मध्यानंतर गिऱ्हाईक रोडावते. उरलेला माल पडेल त्या भावाने काढण्यापेक्षा हंगामी फुलझाडे तेवढी विकून टाकावीत, आणि मोगरा, जास्वंद, बोगनवेल यांची उरलेली रोपे मुळे न दुखावता पुढच्या मापाच्या पिशवीत भरून ५० टक्के सावलीच्या जाळीखाली, एकमेकांना खेटून ठेवावीत. खेटून ठेवल्याने पिशव्यांच्या बाजू तापत नाहीत आणि पाणी कमी लागते. जूनमध्ये वळवाच्या सरींनंतर जाळी काढली की हीच रोपे मोठ्या पिशवीच्या दराने विकता येतात.