फोटोतून काय काढायचं ते आधी ठरवा

कंपोझिशन, म्हणजे फ्रेममध्ये काय कुठे ठेवायचं ते, म्हटलं की सगळे आधी रूल ऑफ थर्ड्स सांगतात, फ्रेमचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडा आणि रेषा छेदतात तिथे सब्जेक्ट ठेवा. ठीक आहे, मोबाइलमध्ये ग्रिड चालू करा, महिनाभर वापरा, मग विसरा. त्याने फोटो फार बिघडत नाही एवढंच, पण तो तुमचा पण होत नाही.

मी शटर दाबायच्या आधी एकच विचारतो, इथे थांबलो कशासाठी? भिंतीवरचं तिरकं ऊन बघून थांबलो असेन तर फोटो उन्हाचा, मग बाजूची सायकल कितीही छान असू दे, ती बाहेर. आणि बाहेर काढायची ती पायांनी, झूमने नाही. जागेवर उभं राहून झूम केलं तर फक्त कडा कापल्या जातात, पुढच्या-मागच्या वस्तूंचं एकमेकांशी नातं तेच राहतं, ते बदलतं तुम्ही हललात की. दोन पावलं डावीकडे जा, गुडघ्यावर बसा, बघा काय होतं ते.

मग नजर सब्जेक्टवरून उचलून चारही कडांवरून फिरवा. अर्धवट कापलेला हात, कोपऱ्यातला पांढरा ठिपका, डोक्यातून उगवलेला खांब, हे सगळं समोर असताना दिसतच नाही कारण मन सब्जेक्टमध्ये अडकलेलं असतं. (मी बरेच दिवस खांब उगवलेली माणसंच काढत होतो!)

रस्त्यावर फोटो काढताना उलटं करा, आधी बॅकग्राउंड शोधा, स्वच्छ, उजेड चांगला असलेलं, आणि कोणीतरी त्यात येईपर्यंत थांबा. कंटाळा येतो, येऊ द्या.

क्रॉप करायची, म्हणजे काढलेल्या फोटोच्या कडा नंतर कापायची, लाज वाटते काहींना. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ क्रॉपच्या विरोधातला माणूस, पण १९३२ मध्ये पॅरिसच्या सेंट लाझार स्टेशनमागे पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा जो फोटो आहे ना, तो कुंपणाच्या फटीतून काढलेला आणि क्रॉप केलेलाच आहे. मात्र रोज क्रॉप करावं लागत असेल तर तुम्ही लांब उभे राहताय.

सराव करायचा तर एकच लेन्स घ्या, ३५ किंवा ५० एमएम, मोबाइल असेल तर १एक्स, म्हणजे झूम न करता, आणि घरातल्या एकाच खुर्चीचे वीस वेगळे फोटो काढा. पहिले सात-आठ सगळ्यांसारखे येतील, ते डिलीट करून टाका.